नाथा दोनदा, माते तीनदा

आई शेजारणींना सांगते की मी म्युझिक टीचर आहे. ते निम्मं खरं आहे. टिळकवाडीत एका खोलीत मी मुलांना कीबोर्ड शिकवते. पण यात्रांचा हंगाम सुरू झाला की त्या खोलीला कुलूप लागतं. मग मी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुठल्यातरी गावात स्टेजच्या डाव्या अंगाला, स्पीकर आणि ताडपत्रीच्या मधल्या फटीत बसलेली असते. तिथून मला सगळे दिसतात, मी कोणाला दिसत नाही. या धंद्यात मी टिकले त्याचं मोठं श्रेय त्या फटीला आहे.

धंदा असा. आमच्याकडे यात्रेला गावातली माणसं स्वतः संगीत नाटक करतात. दिवसा बँकेत, फौंड्रीत, शेतात असणारे लोक संध्याकाळी राजे आणि खलनायक होतात. नायिका तेवढी कोल्हापूर-सांगलीहून येते, आणि वाक्यं पाठ करून आलेली बहुतेक ती एकटीच असते. तालीम मास्तर नाटक बसवतात. नाटकाच्या पुस्तकात मध्ये मध्ये कंसात नुसतं 'गाणे' असं लिहिलेलं असतं. तिथे खरोखरचं गाणं भरायचं काम नेमाण्णांचं.

नेमाण्णा निपाणीचे. तंबाखूच्या वखारीत काट्यावर काम करता करता ते चाली लावायला लागले. त्यांच्या शर्टाला अजून तंबाखूचा वास येतो, आणि जन्मात त्यांनी तंबाखू तोंडात घातलेली नाही. घरात कानडी बोलतात, चाली मराठीत लावतात, चिडले की हिंदीवर जातात. पूर्वी पेटीही तेच वाजवायचे. बोटं आखडली तेव्हा कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी इंग्रजी शाळेतली, बेळगावच्या कॅम्पातल्या एका मिसकडे पियानो शिकलेली. पहिल्या तालमीला मी कोणाशी एक अक्षर बोलले नाही, म्हणून त्यांनी माझं नावच विचारलं नाही. तेव्हापासून मी 'कीबोर्ड' आहे. "ए कीबोर्ड, च्या घे." "कीबोर्डला पंखा द्या रं."

आमची गिऱ्हाइकं सांगण्यासारखी असतात. एका गावचा नायक छाती पुढे काढून म्हणाला, "मला काळी पाच लावा." काळी पाच ही फार वरची पट्टी, तिच्यात गाणं म्हणजे भल्याभल्यांचं काम. मी कीबोर्डवरचं बटण दाबून सूर गुपचूप चांगला खाली आणला, आणि बोटं मात्र काळी पाचवरच फिरवली. नायकाचे वडील शेवटी आत येऊन म्हणाले, "बघितलासा? काळी पाच! आमच्या घराण्यातच हाय ते." दुसऱ्या एका गावात सोसायटीचा सेक्रेटरी खलनायक होता. त्याचं म्हणणं, एवढी पापं केल्यावर मरताना एक गाणं तरी मिळायला पाहिजे. नेमाण्णांनी दिलं. त्याने ते इतकं लांबवलं की नाटकातले पोलीस दोनदा येऊन परत गेले.

पण आमच्या कामातली खरी कसोटी गाण्याची नसते, सत्काराची असते. नाटक सुरू व्हायच्या आधी, मध्ये आणि रंगात आलेलं असताना सत्कार होतात. शाल, नारळ, दोन शब्द. ते दोन शब्द कधीच दोन नसतात. बोलणाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही, कारण तो कोणाचा तरी मामा असतो. म्हणून नेमाण्णांनी एक खास तुकडा बांधलाय. वक्ता श्वास घ्यायला थांबला की नेमाण्णा टोपी उचलतात, मी पूर्ण आवाजात तो तुकडा सोडते, लोक टाळ्या वाजवतात, शाल अंगावर पडते, आणि वक्त्याला वाटतं आपलं भाषण फार छान संपलं. टोपी उचलल्याशिवाय वाजवायचं नाही, हा नियम. तो मला मनापासून पसंत होता. निर्णय टोपीचा, माझं फक्त बोट.

आता नांदी. प्रत्येक गावाची आपल्या देवाची एक नांदी असते. तिची चाल त्या गावाची. दुसऱ्या गावाला ती द्यायची नाही, हा या पट्ट्यातला शब्द आहे, आणि तो देवापुढे नारळ फोडून दिलेला असतो. आपली नांदी लागली की गाव उठून उभं राहतं. म्हातारी माणसंसुद्धा पोरांचा हात धरून उठतात. एका पेटी मास्तरांनी म्हणे शेजारच्या गावची नांदी थोडा साज बदलून खपवली होती. त्यांना लोकांनी जेवायला घालून घरी पाठवलं, पण पेटी ठेवून घेतली. ती अजून त्या देवळात आहे आणि भजनाला चांगली वाजते.

नेमाण्णांनी पुष्कळ गावांना नांदी दिल्या. "मी जैन," ते म्हणतात, "माझा देव काय नाटक बघाय येत न्हाय. म्हणून मला सगळ्यांचे देव सोपे जातात."

एक गाव येळ्ळूरच्या पलीकडचं, तिथे रवळनाथ. दुसरं खानापूरच्या वाटेवरचं, तिथे लक्ष्मी. नावं देणार नाही. नाथाचं गाव आणि मातेचं गाव म्हणू. मातेच्या गावाची नांदी मी पहिल्याच हंगामात वाजवली होती, आणि तेव्हाच ती मला विचित्र ओळखीची वाटली होती. पण सगळंच नवीन होतं, मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं. पुढच्या हंगामात नाथाच्या गावात तालमीला बसले. मंडळी गायला लागली आणि माझा डावा हात मी न सांगता पुढच्या सुरावर जाऊन बसला. मेंदूच्या आधी बोटांना कळलं. ही तीच चाल. आणि दोन्हींच्याही आधी ती मी कॅम्पात, मिसच्या पियानोवर वाजवली होती.

बेळगावहून निपाणीला जाताना बसमध्ये मी धीर करून विचारलं, "अण्णा, नाथाच्या नांदीची चाल कोणाची?"

"माझी."

"आणि मातेची?"

"ती बी माझी."

"दोन्ही एकच आहेत."

"एक कशी?" नेमाण्णा खरोखर दुखावले. "नाथाच्यात 'नाथा नाथा' दोनदा हाय. मातेच्यात 'माते माते माते' तीनदा. मोजून बघ की. कुठं शिकलीस गं तू?"

"कॅम्पात. मिसकडे. आणि ही चाल मी तिथे पियानोवर वाजवलीय."

ते सीटवर माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "चर्चच्या मागली गल्ली? वर हिरवी खिडकी, खाली बसस्टॉप?"

"हो."

"मग झालं की," ते मोकळे होऊन म्हणाले. "एकाच घराण्याची आपण दोघं."

वखारीचा माल कॅम्पातल्या दुकानांत पोचवून ते त्या स्टॉपवर परतीच्या बसची वाट बघायचे. बस वेळेवर यायची नाही. वरच्या खिडकीत मिसची मुलं तोच धडा घोटत असायची, वर्षानुवर्षं, मुलं बदलायची, धडा तोच. "बस लेट, पोरं शिकालती. माझा काय दोष?"

त्या धड्यात एक अवघड जागा होती. डाव्या हाताला लांब उडी मारावी लागायची. तिथे प्रत्येक मूल अडखळायचं, मागे यायचं आणि तोच तुकडा पुन्हा वाजवून पुढे जायचं. नेमाण्णांनी खालून जे ऐकलं ते तसंच्या तसं घेतलं, अडखळण्यासकट. नाथाच्या गावात ज्या 'नाथा नाथा'ला बायका डोळ्यांना पदर लावतात, ती कॅम्पातल्या पोरांची चूक आहे.

"आणि तिसऱ्यांदा कुठून आलं?" मी विचारलं.

"पुढं लई वर्षांनी एक पोरगी आलती. तिचं दोनदा अडखळून भागायचं न्हाय. तिसऱ्यांदा अडखळायची, मग जायची पुढं. मला आदी वाटलं, मिसनं चालच बदलली. मग ऐकून ऐकून बरं वाटाय लागलं. लई काकुळतीला आल्यागत. मातेच्या गावची कमिटी तवाच आलती, दिली त्यांना."

"कोण होती ती?"

"कुणाला ठावं. तोंड कुठं बघितलंय? लई अडखळायची बिचारी."

संकेश्वर आलं होतं. मी उतरणाऱ्या माणसांकडे बघत बसले. "कॅम्पातलं गाढवसुद्धा दोनदाच अडखळतं," असं मिस त्या हिरव्या खिडकीत एका मुलीला म्हणाल्या होत्या. इंग्रजीत म्हणाल्या होत्या, त्यामुळे जास्त लागलं होतं. नेमाण्णांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असंही नाही.

घरी आल्यावर मी त्या धड्याचा मूळ मालक शोधला. तो एक स्पॅनिश संगीतकार निघाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण दोन्ही गावांत पोरांकडे मोबाईल आहेत. तो लहान गावातल्या बँडवाल्याचा मुलगा. मोठा, गंभीर ऑपेरा लिहायचा म्हणून राजधानीत आला. ऑपेरा कोणी घेतला नाही, म्हणून पोटासाठी हलकी संगीत नाटकं लिहू लागला. अर्धं बोलणं, अर्धं गाणं, भरपूर चावटपणा, शेवटी लग्न. हे वाचताना मला वाटलं कोणीतरी चिकोडी तालुक्याबद्दलच लिहिलंय. हा बाबा एक चांगली चाल तीन-तीन नाटकांत राबवायचा, आणि कोणी पकडलं तर सूर बदललाय म्हणून सांगायचा. रस्त्यावरच्या वादकांच्या चालीही खिडकीत उभा राहून उचलायचा. म्हणजे तो खिडकीत वर, नेमाण्णा खिडकीखाली, एवढाच फरक. आमची चाल मुळात त्याची तरी असेल की नाही, देव जाणे. आणि देव म्हणजे नेमका कुठला, हाही प्रश्नच.

म्हातारपणी त्याचा गंभीर ऑपेरा एकदाचा रंगमंचावर आला आणि पडला. मयताला मात्र लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून त्याची हलकी गाणी म्हणत होते. हे वाचून मला दोन दिवस काही सुचलं नाही. मग मूळ गाण्याचा प्रसंग वाचला आणि बरं वाटलं. दारू पिऊन घरी आलेल्या म्हाताऱ्यांना आपल्या घराचं दार सापडत नाही, तेव्हा ते रस्त्यात उभे राहून हे गाणं म्हणतात. रवळनाथाने आणि लक्ष्मीने इतकी वर्षं ते मोठ्या मनाने ऐकून घेतलंय.

हे सगळं आमच्या दोघांतच राहिलं असतं. दोन्ही गावांचं एकमेकांकडे जाणं-येणं नव्हतं, नाटकं वेगळ्या महिन्यांत व्हायची. पण गेल्या वर्षी नाथाच्या गावच्या नाटक कमिटीचे अध्यक्ष परशराम आप्पा यांनी आपल्या मुलीची सोयरीक जमवली. कुठे? मातेच्या गावात. आणि होणारे व्याही यल्लाप्पा, त्यांचे भाऊबंद, गावची जाणती मंडळी अशा सगळ्यांना यात्रेच्या नाटकाला पहिल्या दोन रांगांचं आमंत्रण दिलं. वर आणखी एक. त्याच दिवशी, नांदी झाली की लगेच, नेमाण्णांचा सत्कार. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल गावातर्फे शाल.

तालमीत हे जाहीर झालं तेव्हा नेमाण्णा माझ्याकडे आले. चेहरा वखारीतल्या पोत्यासारखा.

"कीबोर्ड, काय करायचं गं?"

"चाल बदलून बघू या का?"

"नाथाची नांदी बदलू? या गावात? मला जित्ता सोडतील व्हय?"

"मग मी आजारी पडते."

"तू पडलीस तर ते भजनातली पेटी आणतील. गाणं थांबत न्हाय तुझ्यासाठी." मग टोपी सारखी करत म्हणाले, "शाल गेली तर जाऊ दे. पर खोटारडा म्हणून जायचं न्हाय मला."

नेमाण्णांच्या तोंडून विनोद नसलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

यात्रेची संध्याकाळ. पाहुणे आले, पुढच्या रांगांत फेटे बसले. मी माझ्या फटीत. विंगेत नेमाण्णा नवीन शर्टात, टोपी घट्ट बसवून. नारळ फुटला, पडदा वर गेला, आणि मला सूर द्यावाच लागला.

पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेत यल्लाप्पांची मान हलली. मग त्यांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि यल्लाप्पा उठून उभे राहिले. सवयच ती. आपली नांदी लागली की उठायचं. त्यांच्यामागे मातेच्या गावच्या दोन्ही रांगा उठल्या. मागे नाथाचं गाव आधीच उभं होतं. परशराम आप्पा विंगेतून हे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले. सोयरे आमच्या नाथासाठी उभे राहिले!

तेवढ्यात पाहुण्यांनी गायला सुरुवात केली. स्वतःचे शब्द, चाल तीच. स्टेजवर नाथ, खाली माता. मांडवात एवढा आवाज झाला की कोण काय म्हणतंय ते कोणालाच कळेना, आणि तीच आमची कृपा. पण ती अवघड जागा पुढे येत होती. एक गाव दोनदा थांबणार, दुसरं तीनदा. तिथे गाडी घसरली की सगळ्यांना ऐकू येणार.

"नाथा, नाथा," स्टेजवरून आलं. मी पुढचा सूर दिलाच नाही. आधीचाच आवाज वाढवून धरून ठेवला, शब्द त्यात बुडावेत म्हणून. नाथाची मंडळी तोंडं उघडी ठेवून माझ्या दिशेने बघत थांबली. खालून सावकाश, काकुळतीने, तिसरी 'माते' आली. मग मी पुढे गेले, आणि दोन्ही गावं माझ्याबरोबर पुढे आली. ती उडी त्या दिवशी माझ्या डाव्या हाताने पहिल्यांदाच बिनचूक मारली.

टाळ्या. नेमाण्णांना स्टेजवर बोलावलं. परशराम आप्पांनी माईक घेतला. "आमच्या सोयऱ्यांनी आज उभं राहून नाथाला मान दिला. ह्यो मान आमी जन्मात इसरणार न्हाय." आणि त्यांनी, ऐनवेळी सुचलं म्हणून, माईक यल्लाप्पांच्या हातात दिला.

यल्लाप्पाही गहिवरलेले होते. आपली नांदी सोयऱ्यांनी मुद्दाम बसवून घेतली, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी घसा साफ केला. "मंडळी, आज मला काय बोलावं सुचंना झालंय. आमच्या मातेची जी नांदी..."

मी नेमाण्णांकडे बघितलं. टोपी! पण सत्कारासाठी त्यांना टोपी काढून फेटा बांधला होता. ते दोन्ही हात जोडून पुतळ्यासारखे उभे होते आणि त्यांची टोपी परशराम आप्पांच्या पुतण्याच्या हातात होती.

"...ती नांदी तुमी आज..." यल्लाप्पांनी श्वास घेतला.

मी वाजवलं. कोणी न सांगता. पूर्ण आवाजात, सगळे स्पीकर फोडून. लोक टाळ्यांना टपलेलेच असतात. मांडव कडाडला. कोणीतरी शाल उघडली, यल्लाप्पांनी गडबडीने एक टोक धरलं, परशराम आप्पांनी दुसरं, आणि नेमाण्णा त्यात गुंडाळले गेले.

पुढे मध्यंतरात चहाच्या टेबलाशी दोघे व्याही एकमेकांचे हात धरून उभे होते.

"लई मान दिलासा."

"आमी कुठं? तुमीच दिलासा की."

"न्हाय, न्हाय. तुमचं मन मोठं."

हे त्यांनी बराच वेळ चालवलं, पण कशाचा मान ते दोघांनीही सांगितलं नाही. सुखी संसाराची सुरुवात अशीच होत असावी.

नेमाण्णा फटीत येऊन माझ्याशेजारी उकिडवे बसले. शाल अजून अंगावर होती. "टोपी न उचलता वाजिवलीस?"

"हो."

"बरं केलंस." मग शालीचं टोक चाचपत म्हणाले, "ती तिसरी 'माते' बरी धरलीस गं. त्या पोरीगत."

तेव्हा सांगता आलं असतं. मी नायिकेच्या गाण्याचा सूर लावत बसले.

मिस आता या जगात नाहीत. आपला धडा किती देवांपर्यंत पोचला हे त्यांना कळायला हवं होतं, असं मला कधीकधी वाटतं. मग वाटतं, त्या मला पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावतील. मी स्वतः अजून एकही चाल बांधलेली नाही. आमच्या धंद्यात माझी म्हणावी अशी एकच रचना आहे, ती अर्ध्या ओळीची आहे, आणि नेमाण्णांच्या नावावर आहे.

या वर्षी मातेच्या गावात नाटक होतं. आता ती उडी मला येते, म्हणून दुपारच्या तालमीत मनात आलं की एकदा त्या स्पॅनिश माणसाने लिहिलं तसं वाजवून बघू. न अडखळता, सरळ पुढे. मी वाजवलं. फार सुंदर चाल आहे ती.

गाणारे थांबले. सगळे माझ्या फटीकडे बघायला लागले. शेंगा सोलत बसलेली एक म्हातारी खालून ओरडली, "अगं ए पेटीवाली, ध्यान कुठं हाय? शिकून आलीस न्हवं? दोन माते खाल्लीस की!"

"चुकलं, आजी," मी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं.